बुरणूस

खोली तयार होती.
हडर्सफील्डच्या कालव्याकाठी, बंद पडलेल्या गिरणीचा दुसरा मजला,
जिथं आमची कलासंस्था भाड्यानं राहते
आणि छप्पर आमच्या शिलकीपेक्षा नेमानं गळतं.

मी खजिनदार. किल्ल्या माझ्याकडे.
हीटर दुरुस्त करून घेतला. ग्लेनिसनं घरची रजई आणली.
ट्रेव्हरनं दारावर पाटी लावली:
बुरुल, किर्गिझस्तान, मुक्काम सहा आठवडे.
नावाखाली त्यानं एक मेंढी काढली,
ती कुत्र्यासारखी दिसत होती,
पण कुणी काही बोललं नाही.

मग व्हिसाच्या कचेरीचं पत्र.
अर्जदार मुदतीनंतर परत जाईल
अशी आमची खात्री पटत नाही.
नावावर घर नाही. नवरा नाही. बँकेत जेमतेम.
सभेत ते मीच वाचून दाखवलं
आणि "परत जाईल" पाशी माझं बोट ओळीवरून घसरलं.
एकतीस वर्षांपूर्वी मीही एका काचेच्या खिडकीपुढं
हेच लिहून सही केली होती.
कुणी विचारलं नाही.
मीही पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

बुरुल आली नाही.
तिची लोकर आली, तिनं आधीच धाडलेली,
तीन पोती.
कस्टम्सचे अडतीस पौंड मी भरले
आणि वहीत लिहिलं: पाहुणचार.

पोत्याचं तोंड सोडलं तशी
खोलीत मेंढरं शिरली. वास म्हणजे काय!
ग्लेनिस खिडकीकडे धावली,
बशारतभाई मात्र खुर्ची ओढून पोत्याजवळ बसले.
याच मजल्यावर त्यांनी बावीस वर्षं रात्रपाळी काढली.
म्हणाले, मशीन इथं होतं,
आणि बुटाच्या टाचेनं फरशीवरचं
बोल्टाचं भोक दाखवलं.

बिस्किटांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.
तिच्याकडे रात्र पडलेली, आमच्याकडे दुपार.
मधे तिचा भाचा, त्याचं शाळेतलं इंग्रजी:
मावशी म्हणते, पाणी अजून गरम.
मावशी म्हणते, साबणाला कंजुषी नको.
मावशी म्हणते, तो उंच माणूस फार विचार करतो,
त्याला नाचायला सांगा.
बोरूच्या चटया कुठून आणायच्या?
ट्रेव्हरनं खिडकीचे बांबूचे पडदे काढून आणले,
बायकोला न सांगता.
लोकर पसरली, भिजवली, गुंडाळली,
आणि आम्ही नऊ जण, सरासरी वय अडुसष्ट,
त्या वळकटीवर नाचलो.
ग्लेनिसचा खुबा नवा, तिनं खुर्ची धरून
एकाच पायाचं काम केलं.

तिसऱ्या आठवड्यात भाच्यानं विचारलं,
मावशी म्हणते, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
मी म्हटलं, फेल्ट.
पलीकडे दोघांचं काही बोलणं झालं.
नाही, मावशी म्हणते, ती यांची भाषा. तुमच्या.

माझ्याकडे शब्द नव्हता.
घोंगडी नव्हे, घोंगडी विणतात.
दोन दिवस जीभ रिकाम्या दातावर जावी तसं चाललं होतं.
मग बसस्टॉपवर, हातात दुधाची पिशवी,
आधी मान खाजली.
सांगोल्याहून बदली झाली तेव्हा वडिलांनी
वळकटीला बाहेरून बांधलेलं ते
काळं, जाड, टोचणारं.
बुरणूस.
मोठ्यानं म्हटलं असणार.
शेजारच्या मुलानं कानातलं काढून पाहिलं.

तिला आवाज रेकॉर्ड करून पाठवला.
पहाटे उत्तर आलं: बुरुल-नूस,
आणि मग नुसतं हसू, लांबलचक,
मागे कुत्रं भुंकतंय.

भिंतीवर टांगलं तेव्हा एक कोपरा वाकडाच राहिला.
ती म्हणाली, राहू द्या, तिथं कुणाचा तरी पाय दुखत होता.

आता अनुदानाचा अहवाल.
रकाना सात: निमंत्रित कलावंत
प्रत्यक्ष किती दिवस राहिली?
मी खजिनदार, आकडा खोटा लिहीत नाही.
शून्य.
आणि शेजारी, पावती म्हणून,
चिकटपट्टीखाली
माझ्या कोटाच्या बाहीवरचा एक केस, करडा,
मेंढीचाच असावा.